तडकलेलं फायबर आणि पत्र्याचा कारागीर

फायबर बॉडीची गाडी भारतात रुजली नाही, कारण ती तडकली की दुरुस्तच होत नसे, असं आजही सांगितलं जातं. मला हे कारण पटत नाही. बंगळूरच्या सिपानी कंपनीने 1982 साली डॉल्फिन बाजारात आणली. ब्रिटनच्या रिलायंट किटनवर बेतलेली ही गाडी 848 सीसी इंजिनाची होती आणि तिची बॉडी फायबरग्लासची होती. पत्रा दाबून घडवायचा तर अवाढव्य प्रेस आणि महागडे डाय लागतात, फायबरला मात्र साचा आणि माणसांचे हात पुरतात. थोड्या संख्येने गाड्या काढणाऱ्याला म्हणूनच फायबर परवडतं. अमेरिकेतली पहिली कॉर्व्हेटसुद्धा 1953 साली फायबरमध्येच घडली आणि त्या वर्षी जेमतेम 300 गाड्या निघाल्या. डिसेंबर 1983 मध्ये पत्र्याची मारुती 800 आली आणि संख्येचा हिशेबच पालटला.

आता दुरुस्तीचं पाहू. फायबरचा तडा बुजवायचा नसतो, आधी तो उघडायचा असतो. सुटलेले धागे निघून पक्का भाग लागेपर्यंत ग्राइंडरने घासत जायचं आणि कडेला लांब उतार द्यायचा. चांगला कारागीर तो जाडीच्या दहा-बारापट ठेवतो. मग काचेच्या मॅटचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवायचे, रोलरने हवा काढायची, शक्य असेल तर आतूनही थर द्यायचे. पुट्टी आणि रंग शेवटी. हार्डनर रेझिनच्या साधारण एक-दोन टक्के पडतं, पण विदर्भातल्या मे महिन्यात तेवढंही जास्त होतं आणि डब्यातलं रेझिन ब्रश फिरवण्याआधीच घट्ट होऊ लागतं. ही जाण हातात मुरावी लागते. पण यात ना भट्टी आहे, ना गंजाची धास्ती.

अडचण होती ती हाताची. रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात चेपलेला मडगार्ड सरळ करायला हातोडा आणि ऐरण पुरेशी होती, आणि हे काम जाणणारी माणसं खेडोपाडी होती. मॅट-रेझिनचं काम जाणणारा कारागीर मोटार गॅरेजात नव्हता; तो होड्या, टाक्या, मूर्ती घडवणाऱ्यांकडे होता. गाड्याच थोड्या, म्हणून डेंटरने ते शिकायचं तरी कशासाठी?

यावर रास्त आक्षेप असा की जोराच्या धडकेत पत्रा चेपतो, फायबर फुटून तुकडे होतात, आणि कंपनी बंद पडली की नवा पॅनल मिळत नाही. पहिलं खरं आहे. दुसरं मात्र फायबरपेक्षा पत्र्यालाच जास्त लागू पडतं. तशाच दुसऱ्या गाडीचा एक धड पॅनल हाती लागला, तर त्यावर मेण लावून साचा काढता येतो आणि त्या साच्यातून हवे तितके पॅनल. पत्र्याचा डाय असा उसना घेता येत नाही. सांधा मूळ अंगाइतका मजबूत होत नाही हा आक्षेप वरवर पुट्टी फासलेल्या कामाला लागू आहे. उतार देऊन, दोन्ही बाजूंनी थर चढवलेल्या कामाला तो तितकासा लागत नाही.

आज बहुतेक गाड्यांचे बंपर फायबरचे नव्हे, पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यांना रेझिन नीट धरत नाही. तडा उष्णतेने वितळवून जोडावा लागतो. त्या बंपरवर रेझिनचं ठिगळ लावणारा आणि ते सुटल्यावर फायबरला नावं ठेवणारा, दोघेही 1982 च्या त्या जुन्या गैरसमजातच अडकलेले आहेत.