घाटघरचा प्लग

काकूचा परवा फोन आला. "नाणेघाट बघायला फार तर दीड तास लागतो. तुम्ही दिवसभर तिथे करत काय होतात?" फोनवर तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

तर, गाडी चार्ज होत होती.

बाबांनी तरुणपणी नाणेघाट कोकणातून, वैशाखऱ्याच्या बाजूने चढून केला होता. आता गुडघे ऐकत नाहीत. पण जुन्नरकडून घाटघरमार्गे गाडी माथ्यापर्यंत जाते, म्हणून एकदा त्यांना न्यायचं ठरलं. गाडी विजेवरची. पुण्याहून जाऊन-येऊन बॅटरी पुरणार नाही हे माहीत होतं, पण वाटेत एका हॉटेलात चार्जर असल्याचं मोबाईल सांगत होता. चार्जर होताही. बंद. बाबांना तिथून परत फिरवणं जिवावर आलं, म्हणून तसंच पुढे रेटलं. घाटघरात पोचलो तेव्हा 19 टक्के उरले होते.

रस्त्याकडेच्या एका घरी विचारलं. "आमचं मीटर जळणार नाही ना?" घरमालक दादांचा पहिला प्रश्न. पंधरा अँपिअरचा प्लग पुरेल, तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीएवढी वीज घेते, असं सांगितल्यावर तयार झाले. वहिनींची अट एकच : घरघंटी लावायची वेळ झाली की गाडीची वायर काढायची. रास्तच होतं.

दादांच्या मुलाने बाबांना मोटारसायकलवरून घाटाच्या तोंडाशी सोडलं, मी मागून पायी. माथ्यावर तो दगडी रांजण आहे, जकातीची नाणी टाकायचा असं सांगतात. लेणं तिथून थोडं खाली. बाबा पायऱ्या बसत बसत उतरले. मला हात धरू दिला, यावरूनच काय ते ओळखा.

लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ किती केले, दक्षिणा काय दिली, याची ती जंत्री. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. त्यात 24,400 ही संख्याही आहे. तेव्हा शून्य वापरात नव्हतं. वीस हजारांची एक खूण, चार हजारांची दुसरी, चारशेची तिसरी, अशा शेजारी शेजारी मांडलेल्या. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका अशा राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वर कोरलेली नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. बाबा बँकेत होते, त्यामुळे ते आकड्यांपाशीच जास्त रेंगाळले.

माझं मन मात्र पाण्याच्या टाक्यांत अडकलं होतं. कल्याण-सोपाऱ्याचा माल इथूनच जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. ओझं लादलेली जनावरं ही चढण चढून येणार, म्हणजे माथ्याशी पाणी हवंच. ते नसेल तर नुसती वाट असून काय उपयोग? त्यातलं एक टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलं, असा छोटासा लेख तिथे आहे. टाक्याला शब्द आहे 'पोढी'. माणूस समुद्रकाठचा, नालासोपाऱ्याचा, आणि पाण्याची सोय केली ती इथे, सह्याद्रीच्या माथ्यावर. राणीच्या लेखातले यज्ञ वाचताना मी जरा दबून जातो. या एका ओळीने तसं होत नाही. त्या दिवशी तर नाहीच, कारण माझं जनावर खाली एका अनोळखी घराच्या ओसरीला बांधलेलं होतं.

परत आलो तर लाईट गेलेली. पाऊण तास गेला. लाईट आली, तर घरघंटीची वेळ झाली. बाबा आणि दादा ओसरीवर भाताच्या जातींबद्दल बोलत बसले. मी दर दहा मिनिटांनी टक्के बघत होतो. वहिनींना हसू येत होतं.

पाच तासांत मिळाले नऊ युनिट. दादांनी गाडी लावतानाच मीटरचा फोटो काढून ठेवला होता. हिशोब करून म्हणाले, "शंभर द्या." बाबांनी पाचशेची नोट काढली.

"नको काका. मग उद्या दुसरं कुणी आलं की मी पाचशेच मागीन."

बाबांनी नोट मुकाट्याने खिशात घातली. मंचरपर्यंत आता निर्धास्त जाता येणार होतं, आणि पुढे हायवेला चार्जर आहेत.

निघताना दादांनी विचारलं, अशा गाड्या अजून येतात का इकडे? रस्त्यावर पाटी लावली तर चालेल का? मी म्हटलं, अवश्य लावा, फक्त 'पंधरा अँपिअर' असं ठळक लिहा. त्यांनी मुलाला लगेच रंगाचा डबा शोधायला पाठवलं.

"तुमचं नावही लिहा," बाबा गाडीत बसता बसता म्हणाले, "आणि गावाचं."