टपालचित्रे, अल्जीरियातील वसाहतकालीन

फ्रेंच अमलाखालील अल्जीरियात मुख्यत्वे युरोपीय पर्यटकांसाठी छापलेली, स्थानिक लोक व स्थळे दाखविणारी चित्रमय पोस्टकार्डे. १८३० मध्ये फ्रेंचांनी अल्जीअर्स जिंकले. पुढे आगबोटी व लोहमार्ग यांमुळे बिस्क्रासारखी मरूद्याने हिवाळी विहारस्थळे बनली. कार्डांचा बहर १९०० ते १९३० या काळातला. ‘दृश्ये आणि नमुने’ या मालिकांत माणसांना नावे नसत. ‘मूर स्त्री’, ‘बेदूइन’ असे शिक्के असत. अंतःपुरात छायाचित्रकारांना प्रवेश नव्हता. म्हणून मोबदला देऊन बसविलेल्या स्त्रिया, मांडलेले सामान, मुद्दाम सरकवलेला बुरखा यांतून स्टुडिओत अंतःपुर उभे केले जाई. एकच स्त्री निरनिराळ्या मथळ्यांखाली आढळते. त्यामुळे लोकजीवनाचा पुरावा म्हणून ही कार्डे ग्राह्य नाहीत (→ प्राच्यवाद). अल्जीरियन लेखक मालेक अलूला यांनी ‘ल आरेम कोलोनियाल’ (१९८१) या ग्रंथात त्यांची चिकित्सा केली.