रानाच्या राखणदारांसाठीं धांव

दूरवर धांवत जाऊन मदत मागावयाची, ही गोष्ट मानवाच्या इतिहासांत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं ४९० व्या वर्षीं इराणचें सैन्य ग्रीसच्या किनाऱ्यावर उतरलें, तेव्हां अथेन्सच्या सेनापतींनीं फिडिपिडीझ नांवाचा एक हरकारा स्पार्टाकडे पिटाळला. अंतर सुमारें २४० किलोमीटर आणि वाट डोंगराळ. हिरोडोटस लिहितो कीं, तो दुसऱ्याच दिवशीं स्पार्टांत पोहोंचला. स्पार्टाच्या लोकांनीं मदत नाकारली नाहीं. पण पौर्णिमा होईपर्यंत मोहिमेवर निघावयाचें नाहीं, असा त्यांचा धर्मनियम होता. चंद्र पूर्ण झाल्यावर त्यांचे दोन हजार सैनिक मजल दरमजल करीत आले, तोंपर्यंत मॅरेथॉनच्या मैदानावरील लढाई आटोपली होती. विजयाची वार्ता घेऊन धांवत आलेल्या आणि ती सांगतांच गतप्राण झालेल्या वीराची जी कथा पुढें प्रसिद्ध झाली, ती ह्याहून पुष्कळ उत्तरकालीन लेखकांची. हिरोडोटसचा हरकारा वार्ता सांगावयास नव्हे, मदत मागावयास धांवला होता.

१८९६ सालीं अथेन्समध्यें ऑलिंपिक सामन्यांचें पुनरुज्जीवन झालें, तेव्हां मिशेल ब्रेआल ह्या फ्रेंच पंडिताच्या सूचनेवरून मॅरेथॉनची शर्यत प्रथम भरली. ती जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा पाणी वाहून पोट भरणारा एक साधा ग्रीक होता. १९०८ मध्यें लंडन येथील सामन्यांत शर्यतीचें अंतर २६ मैल ३८५ यार्ड ठेवण्यांत आलें आणि १९२१ सालीं तेंच, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, कायम झालें. त्यानंतर कित्येक वर्षें ही शर्यत निवडक व कसलेल्या धांवपटूंचीच मिरासदारी होती. सामान्य माणसानें रस्त्याच्या कडेला उभें राहून टाळ्या वाजवाव्या, एवढाच त्याचा तींत वांटा.

ही मिरासदारी ज्या घटनांनीं मोडली, त्यांत कॅनडांतील टेरी फॉक्स ह्या तरुणाची धांव विसरतां येणार नाहीं. १९७७ सालीं कर्करोगामुळें त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजीं कृत्रिम पाय लावून तो अटलांटिकच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे धांवूं लागला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर तोडल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याचें आढळलें आणि त्याला थांबावें लागलें. पुढील वर्षाच्या जूनमध्यें तो वारला. परंतु तत्पूर्वींच देशांत दर माणशीं एक डॉलर पडेल एवढा निधी कर्करोगाच्या संशोधनासाठीं जमला होता. १९८१ पासून लंडनची वार्षिक मॅरेथॉन सुरू झाली व हजारों सामान्य स्त्रीपुरुष तींत उतरूं लागले. आपण एवढें अंतर धांवणार आहों, तरी अमुक कार्याला वर्गणी द्या, असें धांवणाऱ्यानें आप्तेष्टांना आणि कचेरींतील सोबत्यांना सांगावयाचें, अशी ही रीत. वर्गणी देणाराची त्या कार्याशीं ओळख नसली तरी धांवणाऱ्याशीं असते. त्याचे कष्ट हेंच त्या वर्गणीचें तारण होय.

आफ्रिकेंतील वन्य पशूंसाठीं लंडनच्या रस्त्यावर ही रीत ठळकपणें दिसली ती १९९२ मध्यें. काळ्या गेंड्यांची संख्या १९७० सालीं सुमारें ६५,००० होती. १९९५ च्या सुमारास ती अडीच हजारांच्याही खालीं आली. येमेनमध्यें खंजिराच्या मुठीसाठीं आणि पूर्वेकडील देशांत औषधासाठीं गेंड्याच्या शिंगाला मोठी मागणी होती. माणसाचीं नखें व केस ज्या द्रव्याचे बनतात त्याच द्रव्याचें हें शिंग. पण त्यापायीं एक प्राणिजात नामशेष होऊं घातली होती. अशा वेळीं विल्यम टॉड-जोन्स हा कलावंत गेंड्याचें अवजड सोंग अंगावर चढवून लंडनची मॅरेथॉन धांवला. १९९४ मध्यें 'सेव्ह द राइनो' ही संस्था स्थापन झाली आणि गेंड्याच्या सोंगांतील धांवपटू हें त्या शर्यतींतील नेहमींचें दृश्य होऊन बसलें. मुलें हंसत, वडील माणसें खिशांत हात घालीत. मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उभा राही तो गेंडा. जमलेल्या पैशांतून बूट, तंबू, शिधा आणि बिनतारी संदेशयंत्रें ज्याला मिळत, तो माणूस त्या सोंगामागें झांकलेलाच राहिला.

हा माणूस म्हणजे वनरक्षक. त्याचें काम मुख्यतः पायांचें आहे. विमान वरून पाहूं शकतें, मोटार रस्त्यानें जाऊं शकते. परंतु काट्याकुट्यांत दडलेला फांस, ओल्या मातींतील परक्या बुटाचा ठसा किंवा विझविलेल्या चुलीची ऊब, हीं पायीं चालणाऱ्यालाच सांपडतात. गेंडा त्याच्या कानांवरील खुणांवरून ओळखावयाचा, तो दिसला नाहीं तर माग काढीत जावयाचें, रात्र रानांत काढावयाची, आणि पाठीवर पाणी, शिधा, अंथरूण व हत्यार वाहावयाचें, असा हा व्यवसाय आहे. एका बाजूला श्वापद आणि दुसऱ्या बाजूला बंदूकधारी चोर, अशा कात्रींत त्याचा दिवस जातो.

केनियांतील लेवा येथील इतिहास ह्या दृष्टीनें बोधप्रद आहे. त्या देशांत १९७० च्या सुमारास २०,००० काळे गेंडे होते. दीड तपाच्या आंत ते चारशेंहून कमी उरले. १९८३ मध्यें केनिया पर्वताच्या उत्तरेस, क्रेग घराण्याच्या गुरांच्या कुरणावर, ॲना मर्झ ह्या बाईंच्या पुढाकारानें ५,००० एकर जागेला कुंपण घालून गेंड्यांचें आश्रयस्थान करण्यांत आलें. १९९५ पर्यंत सबंध कुरण वन्य पशूंसाठीं राखलें गेलें आणि २०१३ सालीं लेवाचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला. ह्याच रानांत २००० सालापासून दर वर्षीं जून महिन्यांत मॅरेथॉन भरूं लागली. टस्क ह्या ब्रिटिश संस्थेचा तींत मोठा हात होता. पहिल्या वर्षीं धांवणारे दोनशेंच्याही आंत होते; पुढें ती संख्या हजारांवर गेली. धुळीची वाट, सुमारें १,७०० मीटरांची उंची आणि भोंवतीं मोकळे फिरणारे हत्ती, गेंडे व सिंह. म्हणून धांव सुरू होण्यापूर्वीं विमानांतून टेहळणी करावी लागते आणि वाटेवर सशस्त्र वनरक्षक उभे राहतात. येथें धांवणाऱ्याला प्रथमच प्रत्यक्ष दिसलें कीं, आपण ज्यांच्यासाठीं वर्गणी गोळा केली, त्यांच्याच पहाऱ्यांत आपण सुखरूप आहों. जमलेला पैसा वन्य पशूंच्या रक्षणाबरोबरच शेजारच्या वस्त्यांतील शाळा, दवाखाने व पाणी ह्यांसाठींही खर्च होतो. ज्या गांवाला रानापासून कांहीं लाभ आहे, तें गांव चोराला आसरा देण्यापूर्वीं विचार करतें.

परंतु वनरक्षकाच्या जीविताचें मोल किती, हें कांगोंतील विरुंगा उद्यानानें जगाला दाखविलें. १९२५ मध्यें स्थापन झालेलें हें आफ्रिकेंतील पहिलें राष्ट्रीय उद्यान. डोंगरी गोरिलांसाठीं तें प्रसिद्ध आहे. तेथें कर्तव्य बजावतांना मृत्यु पावलेल्या वनरक्षकांची संख्या दोनशेंच्या वर गेली आहे. उद्यानाचे संचालक इमॅन्युएल द मेरोड ह्यांच्यावर १५ एप्रिल २०१४ रोजीं गोमा-रुमांगाबो मार्गावर गोळीबार होऊन ते गंभीर जखमी झाले. त्यानंतर वर्षभरानें, एप्रिल २०१५ मध्यें, ते लंडनच्या मॅरेथॉनमध्यें उतरले. त्यांनीं निधि मागितला तो गोरिलासाठीं नव्हे. मेलेल्या वनरक्षकांच्या विधवा व मुलें ह्यांच्यासाठीं. सोंगामागें झांकलेला माणूस अशा रीतीनें उजेडांत आला. पण तो मरणानंतर.

ह्यानंतर आलें २०२० साल. महामारीमुळें जगाचा प्रवास थांबला आणि आफ्रिकेंतील अनेक अभयारण्यांचें उत्पन्न एका महिन्यांत आटलें. पर्यटकांच्या शुल्कावरच तेथील वनरक्षकांचे पगार अवलंबून होते. पर्यटक येईनात, तेव्हां कोठें पगार घटले, कोठें माणसें कमी झालीं. रानांतला धोका मात्र घटला नाहीं. त्याच वर्षीं २४ एप्रिल रोजीं रुमांगाबोजवळ हल्ल्यांत सांपडलेल्या नागरिकांच्या मदतीस गेलेले विरुंगाचे १२ वनरक्षक मारले गेले. उद्यान त्या वेळीं महामारीमुळें पाहुण्यांना बंद होतें. पहाऱ्याला सुटी नव्हती.

ह्या संकटांतून 'वाइल्डलाइफ रेंजर चॅलेंज' ही नवी धांव निघाली. टस्क व नॅचरल स्टेट ह्या संस्थांनीं तिची आंखणी केली. लोक जी वर्गणी देतील तींत तितकीच भर घालण्यासाठीं शाइनबर्ग निधीनें पन्नास लक्ष डॉलर देऊं केले. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं आफ्रिकेंतील निरनिराळ्या देशांतील वनरक्षकांच्या तुकड्या आपापल्या रानांत २१ किलोमीटर धांवल्या, आणि त्याही पाठीवर २२ किलोंचें ओझें घेऊन. हें ओझें शर्यतीसाठीं मुद्दाम शोधून काढलेलें नव्हतें. गस्तीवर निघतांना पाठीवर जें असतें, त्याचाच तो अंदाज होता. इतर देशांतील लोक त्यांच्या सोबतीला आपापल्या गांवीं धांवले. त्यांच्या पाठीवर कांहीं नव्हतें. पुढील वर्षींही ही स्पर्धा भरली.

लंडनमध्यें ज्याच्यासाठीं दुसरे धांवत होते, तो आतां स्वतः धांवूं लागला, हा ह्या इतिहासांतील मोठा पालट होय. मात्र त्याला दुसरी बाजूही आहे. सैनिकानें आपल्या पगारासाठीं शर्यत धांवावी, असें कोणतेंही राष्ट्र म्हणणार नाहीं. रानाचा पहारा ही जर सार्वजनिक सेवा असेल, तर तिचें वेतन पर्यटकाच्या लहरीवर किंवा दात्याच्या औदार्यावर टांगून ठेवणें योग्य नव्हे. वर्गणीला उत्साहाची भरती येते तशी ओहोटीही येते. वनरक्षकाच्या घरची चूल मात्र रोज पेटवावी लागते. तरीही ह्या धांवांना तुच्छ लेखणें अन्यायाचें होईल. २०२० मध्यें सरकारी खजिन्यांकडे पाहत बसण्यास वेळ नव्हता. त्या वर्षीं गस्त थांबती, तर चोरांना रानें मोकळीं मिळतीं. काळ्या गेंड्यांची संख्या आज पुन्हा सहा हजारांच्या वर गेली आहे. त्याचें श्रेय धोरणांना व शास्त्रज्ञांना जसें आहे, तसेंच रोज पहाटे बुटाच्या नाड्या बांधून निघणाऱ्या ह्या माणसांनाही आहे.

स्पार्टाचे दोन हजार सैनिक मॅरेथॉनला पोहोंचले, तेव्हां त्यांना रणांगणावर पडलेलीं प्रेतें पाहावयास मिळालीं. त्यांनीं अथेन्सच्या शौर्याची स्तुति केली आणि ते घरीं परतले. वनरक्षकांची स्तुति करणारे आज जगांत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठीं जी धांव धांवली जाते तिची किंमत तिच्या अंतरावर ठरत नाहीं. मदत पौर्णिमेच्या आधीं पोहोंचली कीं नंतर, ह्यावर ठरते.