एक जूनचे वाढदिवस आणि ओटीवरची मौज

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत, महाराष्ट्रातल्या इतर खेड्यापाड्यांसारखंच, साठी उलटलेल्या अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून अशी असते. मूल शाळेत घालायला आणलं, जन्माची नोंद कुठेच नाही, आईला आठवतं ते एवढंच की लावणी चालू होती किंवा शिमगा तोंडावर आला होता. मग गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि पुढे १ जून लिहून टाकला. या तारखेची थट्टा पुष्कळ झाली आहे. पण मुलांच्या घरगुती समारंभांचा इतिहास शोधणाऱ्याला तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा सापडणार नाही. जन्माचा दिवस जिथे कागदावर नव्हता आणि डोक्यातही नव्हता, तिथे त्या दिवशी पाहुणी मुलं बोलावण्याचा प्रश्नच येत नाही. यावरून लोक सर्रास असं धरून चालतात की पूर्वी मुलांसाठी म्हणून घरात काही होतच नसे, ही सगळी हौस शहरातून आली. ते मला मान्य नाही. मुलांना घरी जमवायचं, खेळवायचं, खाऊ वाटायचा ही रीत या भागात जुनीच आहे. ती कोणा एका मुलाच्या नावाने होत नसे, ऋतूच्या नावाने होई. वाढदिवसाने तिचं नाव बदललं, आणि त्याबरोबर तिचा हिशेबही बदलला.

हा हिशेब आधी शेतीचा होता. सावित्री, गांधारी, काळ या नद्यांच्या खोऱ्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढात घरातलं प्रत्येक हात चालणारं माणूस भाताच्या लावणीत, वर डोंगरउतारावर नाचणी-वरीत. तेव्हा समारंभ कसले? लहानगी ओटीवर किंवा पडवीत कोंडलेली, आणि त्यांच्या हाती सागरगोटे, चिंचोके, फुटक्या बांगड्यांची काचापाणी. या खेळांना विकतचं काही लागत नाही; गजग्याची काटेरी वेल कुंपणाला असते, चिंचोके घरातल्या चिंचेतून निघतात, बांगड्या फुटतच असतात. लावणी उरकली की श्रावण, मग गौरी-गणपती, रात्रीच्या फुगड्या आणि झिम्मा. फुगडी आणि हुतुतू सोळाव्या शतकात एकनाथांच्या भारुडांत रूपकं म्हणून येतात. म्हणजे ऐकणाऱ्याला ते खेळ समजावून सांगावे लागत नव्हते. आश्विनात भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती मुलींनी फेर धरायचा, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. भोंडल्याकडे गाण्यांसाठी पाहिलं जातं, पण त्याची आखणीही तितकीच पाहण्यासारखी आहे. आज एकीचं घर, उद्या दुसरीचं. त्यामुळे खर्च वाटला जातो आणि यजमानीण होण्याचा मान फिरत राहतो. पदार्थ लपवायचा असल्यामुळे किंमत त्याच्या महागपणाला नसते, तो ओळखता न येण्याला असते. डब्यात लाडूच असतील अशी सगळ्यांची खात्री असताना भिजवलेली डाळ निघाली, तर जिंकली डाळवाली. मुलांच्या मेजवान्या आखून देणारे आजचे व्यावसायिक याहून सरस खेळ काढू शकतील, असं मला वाटत नाही.

माझ्या विधानाला पहिला धक्का बोरन्हाण देतं, कारण त्यात एकच मूल मध्ये बसतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही सोयीच्या दिवशी, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या ओततात. मात्र पुढे काय होतं ते पाहा. मधलं मूल बहुधा बावरून रडू लागतं, आणि बाकीची पोरं खाली पडलेल्या खाऊवर तुटून पडतात. ज्याचं कौतुक त्याच्या वाट्याला ओवाळणी आणि अंगावर पाऊस, लूट पाहुण्यांची. शिवाय ओतायला बहुतेक तेच घेतात जे पौष-माघात रानात आणि शेतात तयार असतं. म्हणजे मूल मध्ये असलं तरी दिवस संक्रांतीचाच.

दुसरी हरकत जाणकार घेतील: वाढदिवस आपल्याकडे होताच की. तिथीने तेल लावून न्हाऊ घालणं, औक्षण करणं, देवाला नेणं, हे पत्रिका मांडणाऱ्या घरांत चालत असे. खरं आहे. महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, यांची जन्मतारीख १४ जानेवारी १८९६ अशी नेमकी मिळते, कारण वडील वकील होते आणि घरात लिहिण्याची सवय होती. पण त्या औक्षणात आई-आजी असत, देव असे. सवंगड्यांना आमंत्रण नसे. तो आयुष्य मागण्याचा विधी होता. त्यात खेळ नव्हता, म्हणून आजच्या वाढदिवसाचा पूर्वज मी त्याच्यात शोधत नाही. तो भोंडल्याच्या फेरात आणि बोरन्हाणाच्या लुटीत अधिक सापडतो.

तिसरी हरकत सर्वांत जड आहे. हे सगळं वर्णन ओटी असलेल्या घरांचं आहे, आणि ओटीवर कोण चढू शकत होतं? याच महाडात २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्याचं पाणी प्यावं लागलं. नगरपालिकेने तळं खुलं करण्याचा ठराव आधीच केला होता, तरीही नंतर जमावाने सत्याग्रहींवर हल्ला केला, आणि न्यायालयातला वाद १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. ज्या गावात पाण्याची ही कथा, तिथे खिरापतीच्या ताटाभोवती गावची सगळी मुलं बसत होती असं म्हणणं म्हणजे शुद्ध बनवाबनवी. पावसाळा सरताच वीटभट्ट्यांकडे निघणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुलं तर संक्रांतीला गावातच नसत. तेव्हा जुन्या रीतीचं गुणगान करताना तिची आमंत्रणाची यादी झाकून ठेवता येणार नाही. तरी मला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात: कोणाला बोलवायचं हा एक प्रश्न, आणि जमलेल्यांनी काय करायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्या काळाने वाईटच दिलं. दुसऱ्याचं चांगलं दिलं. ही फोड करता येते याचा दाखला ताराबाई मोडकांचा आहे. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं आणि बालशिक्षण गरीब वस्त्यांच्या अंगणात नेलं. महागड्या परदेशी साधनांच्या जागी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं आणली. साधनं जवळपास ओटीवरचीच होती, फक्त अंगणाला उंबरठा नव्हता.

मग आजचा वाढदिवस आला कुठून? नुसत्या इंग्रजांच्या अनुकरणाने तो आला असता तर या खोऱ्यांत कधीच पोचला असता. माणसं तर पिढ्यान् पिढ्या मुंबईला जात होती, दासगावच्या बंदरातून बोटीने, पुढे एसटीने. केकवाल्या वाढदिवसाची जगभर गायली जाणारी चालसुद्धा फार पुरातन नाही: अमेरिकेतल्या केंटकीमध्ये दोन बहिणींनी ती १८९३ मध्ये बालवाडीतल्या सकाळच्या नमस्कारासाठी रचलेली म्हणून छापली. माझ्या मते निर्णायक ठरली ती नोंद. १९६९ च्या कायद्याने जन्मनोंदणी देशभर एका पद्धतीची केली, बाळंतपणं हळूहळू दवाखान्यात होऊ लागली, शाळेला दाखला लागू लागला. तारीख हाती आल्यावर ती साजरी करणं ओघाने आलं. गिरणीच्या मनीऑर्डरीने आणि नंतर महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या पगाराने त्याला पैसा पुरवला. पण तारखेवाचून तो पैसा गणपतीतच खर्च झाला असता.

तारीख मात्र पावसापाण्याकडे बघत नाही. आषाढात जन्मलेल्या मुलाचा वाढदिवस लावणीतच येणार, आंबेनळी घाटात दरडी कोसळत असताना, महाडच्या बाजारपेठेला सावित्रीच्या पाण्याची धास्ती असताना. म्हणून घरोघर काय होतं? सकाळी औक्षण करून तारीख पाळतात आणि मुलांना बोलावणं धाडतात ते जवळच्या रविवारी किंवा सुट्टी बघून. दाखल्यावरची तारीख पक्की झाली, आणि पोरं जमवायचा दिवस पुन्हा घरच्या सवडीने ठरू लागला.