भाऊंचा पेपरवेट, बापूजींची पायरी

१९६४ साली पाऊस किती झाला, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगता यायचं नाही. पण त्या ऑगस्टमध्ये जांबुवंतराव धोटेंनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेनं पेपरवेट फेकला, ही गोष्ट प्रत्येकाच्या तोंडी होती, आणि प्रत्येकाची वेगळी होती. दारव्हा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती. पऱ्हाटीचा वेचा आटोपला की रात्री ओसरीवर ही गोष्ट निघायची. आजोबा म्हणत, धान्याच्या टंचाईवर बोलू दिलं नाही म्हणून भाऊंचं डोकं फिरलं. मोठे काका शपथेवर सांगत की विदर्भाचं नाव काढल्याबरोबर माईक बंद केला गेला. मोठी आई आतून ऐकत असे. ती एवढंच म्हणे, "कोणाले लागला नाही थे देवाची किरपा. लागला असता त काय तोंड दाखोलं असतं यवतमाळनं?"

कागदावर जे आहे ते असं. धोटे १९६२ मध्ये यवतमाळमधून निवडून आले. अध्यक्षपदी बाळासाहेब भारदे होते, गांधीवादी आणि कीर्तन-प्रवचनात रमणारे. ऑगस्ट १९६४ मध्ये सभागृहानं धोटेंना नुसतं निलंबित केलं नाही, त्यांचं सदस्यत्वच काढून घेतलं. जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली, आणि यवतमाळनं त्याच माणसाला पुन्हा पाठवलं. गोष्टीच्या या शेवटाबद्दल ओसरीवर कुणाचंच दुमत नसे. आजोबांचा आवाज इथे चढायचा: "त्याइनं काढला, आमी धाडला!"

तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे. डिसेंबर १९६३ मध्ये ते त्या खुर्चीवर बसले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. म्हणजे राज्याचा कारभार चालवणारा माणूस आमच्याच जिल्ह्याचा आणि त्याच्यासमोर उभा राहून सर्वांत मोठ्यानं जाब विचारणाराही आमच्याच जिल्ह्याचा. यवतमाळच्या माणसाला राजकारणाचं एवढं वेड का, असं बाहेरचे विचारतात. दोन्ही बाकांवर घरचीच माणसं बसलेली असली की दुसरं काय होणार?

गावात एक निवृत्त गुरुजी होते. त्यांना मात्र पेपरवेटची गोष्ट आवडत नसे. ते दर हिवाळ्यात नागपूर अधिवेशनाला जात, कुणाकडून तरी पास मिळवत आणि प्रेक्षक गॅलरीत बसून येत. येताना तारांकित प्रश्नांची छापील यादी पिशवीतून घेऊन येत. मला वाचता यायला लागलं तसं त्यांनी ती माझ्या हातात दिली. पातळ कागद, बारीक अक्षर. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात एकच: सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? मग क्रमांक टाकून एकेक कलम. अमुक तालुक्यातल्या अमुक गावचा पाझर तलाव फुटला, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले? त्यानुसार कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? समोर उत्तरं. हे खरे नाही. अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही.

मला ते रुक्ष वाटायचं. गुरुजी बोट ठेवून दाखवत. म्हणत, शेवटचं कलम वाच. काम झालं असेल तर काय झालं ते सांगावं लागतं, झालं नसेल तर का नाही ते सांगावं लागतं. पळायला वाट ठेवलेली नाही. आणि तारांकित म्हणजे नुसतं लेखी उत्तर टेबलावर ठेवून मोकळं होता येत नाही. मंत्र्याला उभं राहावं लागतं, त्यावर उपप्रश्न येतात, आणि उपप्रश्न आधी कळवलेला नसतो. तिथे मंत्री अडखळला की अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या येऊ लागतात. गुरुजींनी हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि सांगताना ते स्वतःच मंत्र्यासारखे खिसे चाचपत.

त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात कायमचं बसलं आहे. "प्रश्न लागला का पयले तलाठी येते, पोट्ट्या. मंत्र्याचं उत्तर मंग येते." मोठा झाल्यावर मला त्यातली व्यवस्था कळली. आमदारानं प्रश्नाची सूचना दिली, ती स्वीकारली गेली, की ती विभागाकडे जाते, विभागाकडून जिल्हाधिकाऱ्याकडे, तिथून तहसीलला आणि तहसीलमधून गावात. उत्तर तयार करायचं तर कुणीतरी खाली उतरून बघावंच लागतं. चार वर्षं अर्ज देऊन न हललेला कागद आठ दिवसांत हलतो. विरोधी आमदाराच्या हाती सत्ता नसते, निधी नसतो, बदल्या नसतात. त्याच्या हाती हेच असतं: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा आणि फारच पेटलं तर स्थगन प्रस्ताव.

म्हणूनच माझं मत मोठ्या आईच्या बाजूचं आहे. धोटेंवर आमच्या घरानं जीव टाकला. कृषी विद्यापीठाच्या आंदोलनात १९६७ साली विदर्भ रस्त्यावर उतरला तेव्हा भाऊ अग्रभागी होते, आणि अकोल्याला १९६९ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठ झालं ते त्या रेट्यामुळे. त्या माणसाचं ऋण नाकारणारा मी कोण? तरीही अध्यक्षांच्या दिशेनं वस्तू फेकणं चूकच होतं. अल्पमतातल्या आमदाराला बोलायची पाळी मिळते ती अध्यक्षांकडूनच. आणि सदस्यत्व काढून घेणं हीही सभागृहाची चूकच, कारण त्यात शिक्षा आमदारापेक्षा यवतमाळच्या मतदाराला झाली. मतदारानं उत्तर दिलं, ते योग्यच दिलं.

गुरुजींच्या लेखी खरा आदर्श दुसराच होता. वणीत १८८० साली जन्मलेले, यवतमाळात वकिली केलेले माधव श्रीहरी अणे, लोकनायक बापूजी. इंग्रजांच्या काळात ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात होते. तिथल्या कामकाजाच्या छापील खंडांत त्यांच्या नावापुढे मतदारसंघाच्या जागी 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' असं आहे. कारण वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानं आलेलं. ज्या मुलखाचा मालक कोण हेच सरळ सांगता येत नव्हतं, त्या मुलखाचा माणूस तिथे उभा राहून सरकारला हिशेब विचारत होता, हे गुरुजी फार अभिमानानं सांगत.

त्या काळाची त्यांची आवडती गोष्ट विठ्ठलभाई पटेलांची. एप्रिल १९२९ मध्ये भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी त्याच सभागृहात बॉम्ब टाकला. पुढे तीनच दिवसांनी अध्यक्ष विठ्ठलभाईंनी निर्णय दिला: मीरत कटाचा खटला न्यायालयात चालू असताना सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर चर्चा नियमाला धरून होणार नाही. साम्राज्याचं विधेयक एका निर्णयानं अडलं. व्हाइसरॉयला अखेर वटहुकूम काढावा लागला. गुरुजी भगतसिंगांना हात जोडत आणि मग विठ्ठलभाईंकडे वळत: नियमाचं पुस्तक इतकं धारदार असतं, म्हणत.

बापूजी नुसते नियमाचे नव्हते. जुलै १९३० मध्ये ते पुसदच्या जंगलात गवत कापून कायदा मोडायला उतरले आणि तुरुंगात गेले. काही वर्षांनी ते पुन्हा त्याच दिल्लीच्या सभागृहात काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्षाचे नेते म्हणून बसले. स्वातंत्र्यानंतर बिहारचं राज्यपालपद भोगलेला हा माणूस १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६२ मध्ये नागपूरहून अपक्ष म्हणून लोकसभेत गेला, वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन, ऐंशीच्या घरात असताना. २६ जानेवारी १९६८ ला ते गेले. आणि १९७१ मध्ये त्याच नागपुरातून, तीच मागणी घेऊन, लोकसभेत कोण गेलं? जांबुवंतराव धोटे. बापूजींची पायरी भाऊंनीच चढली. आमच्या घरात या दोघांना कुणी कधी एका ओळीत बसवलं नाही. बापूजींचं नाव घेताना माणसं सावरून बसत, भाऊंचं घेताना उठून उभी राहत.

प्रश्नाची किंमत किती, हे मला २००५ च्या डिसेंबरात कळलं. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून संसदेनं अकरा खासदारांना घरी पाठवलं, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संसदेचा हा हकालपट्टीचा अधिकार मान्य केला. गुरुजी तोवर गेले होते. आजोबाही. पेपरवेटसाठी सदस्यत्व गेलं तेव्हा निदान माणूस रागावलेला तरी होता. इथे तर प्रश्नच विकायला काढला होता. पुढे २०२० च्या सप्टेंबरात करोनाचं कारण देऊन संसदेच्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तासच गाळला गेला. जिल्ह्यात त्याची फारशी चर्चा झाली नाही. मला मात्र ते फार लागलं.

कारण आमच्या जिल्ह्याचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी बायकामुलांसह जीवन संपवलं. तेव्हापासून शेतकरी आत्महत्येचा प्रश्न विधिमंडळात कितीदा लागला असेल! उत्तरात एक तक्ता असतो: एकूण प्रकरणं, पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. अपात्र ठरलेल्याला काही नाही. सातबारा बापाच्या नावावर आणि गळफास मुलानं घेतला, कर्ज बँकेचं नसून परवाना नसलेल्या सावकाराचं, अशी ती कारणं. तक्त्यातला आकडा ऐकून सभागृह पुढे सरकतं. खरा उपप्रश्न त्या अपात्रांच्या रकान्यावर हवा: कोणत्या निकषावर, कुणाच्या अहवालावर, आणि त्या घरात पुन्हा कोण गेलं होतं? असा उपप्रश्न टाकायला आरडाओरडा लागत नाही. गावाचं नाव, तारीख आणि तहसीलच्या आदेशाची प्रत लागते, आणि ती गोळा करायला रात्री जागाव्या लागतात.

भाऊ १८ फेब्रुवारी २०१७ ला यवतमाळातच गेले. त्यांच्या गोष्टी पुढच्या पिढीला जरूर सांगा, पेपरवेटचीही सांगा. पण तुमचा आमदार कोणत्याही पक्षाचा असो, नागपूर अधिवेशनाच्या आधी त्याच्याकडे एक कागद घेऊन जा. त्यावर गाव, तालुका, गट नंबर, अर्जाची तारीख, कोणत्या कार्यालयात कागद अडला आहे ते, आणि खाली एकच ओळ लिहा: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि अधिवेशन संपलं की छापील यादीत तुमचा प्रश्न लागला का, ते पाहा. नसेल लागला, तर तोच कागद घेऊन पुन्हा जा.