काळ मोजणे आणि काळ सांगणे

घड्याळाचा इतिहास बहुधा अचूकतेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. सावलीचे यंत्र, घटिकापात्र, लंबक, क्वार्ट्‌झ, अणुघड्याळ असा एक चढता जिना त्यात असतो आणि प्रत्येक पायरीवर चूक थोडी कमी होते. हे कथन खोटे नाही. पण अपुरे आहे. अचूक मोजलेला काळ ज्याला हवा त्याच्यापर्यंत न बिघडता पोचवायचा कसा, हा प्रश्न त्यात जवळजवळ येतच नाही. मोबाइल फोन, जीपीएस आणि दूरसंचार यंत्रणांत बसवला जाणारा तापमान-भरपाईचा स्फटिक दोलक, म्हणजे अभियंत्यांचा ‘टीसीएक्सओ’, हाच दुर्लक्षित प्रश्न पुन्हा समोर आणतो. तो निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : दोलक किती खरा आहे, आणि तो आपले म्हणणे कोणत्या रूपात बाहेर देतो.

पहिला प्रश्न मुख्यतः उष्णतेचा आहे. पोलादी दांड्याचा लंबक एका अंशाने तापला, तर घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडते. जॉर्ज ग्रॅहमने 1720च्या दशकात लंबकाला पाऱ्याचे भांडे जोडले : दांडा खाली वाढला की पारा वर चढे आणि हिशेब जुळे. त्याच दशकात जॉन हॅरिसनने पितळ आणि पोलाद यांच्या गजांची जाळी रचली. एका धातूचे प्रसरण दुसऱ्याने खोडून काढायचे. उष्णतेला अडवायचे नाही, तिलाच तिच्याविरुद्ध उभे करायचे. आपल्याकडे यालाच काट्याने काटा काढणे म्हणतात.

हॅरिसनचे सागरी घड्याळ 1761-62च्या जमैकाच्या प्रवासात सुमारे पाच सेकंदच चुकले, हे सर्वज्ञात आहे. परंतु अशी घड्याळे जहाजांवर रुळल्यानंतर एक वेगळीच अडचण उभी राहिली. बंदरात नांगरलेल्या जहाजावरचे घड्याळ कोणत्या खऱ्या वेळेशी जुळवायचे? ग्रीनिचच्या वेधशाळेने 1833 साली आपल्या छपरावर एक मोठा गोळा बसवला. तो रोज दुपारी बरोबर एक वाजता खाली पडे आणि थेम्सवरचे खलाशी त्याकडे पाहून घड्याळे लावीत. 1852पासून तोच काळ तारायंत्राने जाऊ लागला. गंमत अशी, की बेलव्हिल घराण्यातील माणसे 1836पासून ग्रीनिचला जुळवलेले एक घड्याळ घेऊन लंडनभर फिरत आणि गिऱ्हाइकांना वेळ विकत. घराण्यातील रूथ बेलव्हिल यांनी हा व्यवसाय 1940पर्यंत चालवला. वेळ एकच, गोळा, तार आणि दारात आलेली बाई ही तिची तीन रूपे. नवे रूप आले म्हणून जुने लगेच बाद झाले नाही, कारण प्रत्येकाचा ग्राहक वेगळा होता.

विसाव्या शतकात लंबकाची जागा स्फटिकाने घेतली. स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो, हे पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंनी 1880 साली दाखवले होते. वॉल्टर केडी यांनी 1921 साली क्वार्ट्‌झचा दोलक घडवला, आणि 1927 साली बेल प्रयोगशाळेत मॅरिसन व हॉर्टन यांनी क्वार्ट्‌झचे घड्याळ केले. पण उष्णतेचा जुना काटा इथेही होताच. 1934 साली पुढे आलेल्या ‘एटी’ छेदामुळे, म्हणजे स्फटिक विशिष्ट कोनात कापल्यामुळे, तो बराच बोथट झाला, नाहीसा मात्र झाला नाही. उरलेली चूक टीसीएक्सओ दुरुस्त करतो. तापमानानुसार बदलणारा रोध एक विद्युतदाब ठरवतो आणि तो दाब दोलकाला उलट दिशेने किंचित ओढतो. तत्त्व ग्रॅहमच्या पाऱ्याचेच. साधा स्फटिक दशलक्षात वीस-तीस भागांनी सरकतो, तो एक-दोन भागांवर येतो. दोन भाग म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट.

आता दुसरा प्रश्न. स्फटिकाचे कंपन मुळात साइन लाटेच्या जवळचे, म्हणजे गोलाईचे असते. अंकीय मंडलांना मात्र शून्य आणि एक यांच्या कडक कडा हव्या असतात. ‘सीमॉस’ प्रकार त्यांना हवी तशी, शून्यापासून पुरवठ्याच्या दाबापर्यंत जाणारी चौकोनी लाट देतो. जवळच्या मंडलाला ती सोयीची. पण तिच्या तीक्ष्ण कडांबरोबर अनेक पट वारंवारितांचा गोंगाट येतो आणि शेजारच्या रेडिओ ग्राहकाला तो सोसत नाही. म्हणून मोबाइल आणि जीपीएसमध्ये ‘क्लिप्ड साइन’ प्रचलित आहे : टोके छाटलेली, सुमारे 0.8 व्होल्टची, कमी वीज खाणारी लाट. तिचा आवाज लहान, त्यामुळे ती फार दूर जात नाही. अंतर जास्त, वारंवारिता मोठी आणि परिसर गोंगाटाचा असेल, तर ‘एलव्हीडीएस’ किंवा ‘एलव्हीपीईसीएल’ हे जोडतारांचे प्रकार घेतात. दोन तारांवर एकच संदेश उलटसुलट जातो. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच बसतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. ही युक्तीही जुनीच. ग्रॅहम बेलने टेलिफोनसाठी पिळलेल्या तारांच्या जोडीचे पेटंट 1881 सालीच घेतले होते.

या निवडीत गुणवत्तेची एकच उतरंड नाही. खरा मुद्दा त्याहून खोल आहे. बाहेर जोडलेला भार बदलला की दोलकाची वारंवारिताही किंचित सरकते. निर्गम-मंडलाने जास्त वीज खाल्ली तर डबीच्या आत उष्णता वाढते, आणि ज्या उष्णतेशी एवढी झुंज दिली ती पुन्हा घरात शिरते. म्हणजे काळ कसा सांगितला जातो, यावर कोणता काळ सांगितला जातो हेही काही अंशी अवलंबून असते.

साहित्याच्या वर्गात आशय आधी आणि अभिव्यक्ती नंतर, अशी मांडणी आपण सोयीसाठी करतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासातही तशीच सोय रुजली आहे : शोधकर्त्याला प्रकरण, पोचवणाऱ्याला तळटीप. हॅरिसनचे नाव राहिले, गोळा खाली सोडणारे हात विस्मरणात गेले. पण त्या हातांनी एका मिनिटाचा जरी उशीर केला असता, तरी थेम्सवरच्या प्रत्येक जहाजाने तो उशीर खरी वेळ समजून समुद्रावर नेला असता; आणि विषुववृत्तावर काळातल्या एका मिनिटाची चूक म्हणजे सुमारे 28 किलोमीटरची चूक.