पडवीला काच लागते तेव्हा

अलीकडच्या वर्षांत पुण्याचे लोक कोकणात घरे बांधू लागले आहेत. कुणी दापोली-गुहागरकडे चार गुंठे घेतो, कुणी अलिबाग-नागावकडे. घराचा नकाशा मात्र पुण्यातच तयार होतो, आणि त्या नकाशात समुद्राच्या बाजूला हटकून एक काचेची खोली असते. व्हरांड्याला तिन्ही अंगांनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या की ती झाली. 'सनरूम' हा शब्द आता आपल्या कंत्राटदारांच्याही तोंडी बसला आहे. आत बसून पाऊस पाहायचा आणि अंगावर थेंब येऊ द्यायचा नाही, अशी ही कल्पना. कल्पना गोड आहे. परंतु किनाऱ्यावरच्या माणसाने घराची पुढली बाजू झाकण्याचा उद्योग आजच आरंभला असे कुणास वाटत असेल, तर तो समज दूर केला पाहिजे. हा उद्योग फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास घर बांधणाऱ्याच्या थेट उपयोगी पडण्याजोगा आहे.

प्रथम या काचेच्या खोलीचे माहेर पाहू. ती जन्मली उत्तर युरोपात, जिथे ऊन म्हणजे क्वचित येणारा पाहुणा. दक्षिणेकडून आणलेली संत्र्याची झाडे हिवाळ्यात जगावीत म्हणून तिकडच्या श्रीमंतांनी काचेच्या भिंतींच्या इमारती उभारल्या. इंग्लंडात काचेवर जबर कर होता. तो १८४५ साली उठला, आणि सहाच वर्षांनी, १८५१ च्या प्रदर्शनासाठी, लंडनच्या हाइड पार्कात काचेचा अख्खा महाल उभा राहिला. पुढे मध्यम स्थितीतल्या गृहस्थालाही घराच्या कडेला अशी खोली परवडू लागली. तिचे शास्त्र सोपे आहे. उन्हाचे किरण काचेतून आत येतात; जमीन, भिंती, सामान तापते; पण त्या तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात तिला काच वाट देत नाही, आणि तापलेली हवाही आतच कोंडते. थंड देशात हा कोंडमारा म्हणजे वरदान. रत्नागिरीच्या मे महिन्यात तो काय होईल, हे निराळे सांगायला नको.

कोकणाची अडचण उन्हाच्या दुष्काळाची कधीच नव्हती. ती पावसाची होती. रत्नागिरीला वर्षाला १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शिवाय हा पाऊस नुसता वरून पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तो आडवा येतो. त्याची झड चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर सतत बसली, तर भिंत पाणी पिते आणि घर ओलीने कुबट होते. म्हणून भिंतीपुढे पडवी आली आणि पडवीवर घराचे छप्पर उतरत खाली आले, इतके की उंच माणसाला वळचणीखालून वाकून आत शिरावे लागे. पागोळ्या भिंतीपासून चार हात दूर पडत. मृगाच्या आधी पडवीच्या उघड्या अंगांना विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधत. पाऊस सरला की झाप सोडायचे. पुढच्या वर्षी नवे विणायचे. झाप झड अडवी, पण वारा गाळून आत सोडी. ओले कपडे, सरपण, उखळ-जाते, गुराढोरांची वैरण या सगळ्यांना त्या वाऱ्याचा आधार असे. किनाऱ्यावरच्या बंद व्हरांड्याचा पहिला अवतार तो हाच.

त्याची किंमतही होती. झाप बांधले की घर चार महिने काळोखात जाई. आणि ही पडवी म्हणजे निव्वळ गोडवा होता असेही कुणी समजू नये. कोण अंगणात थांबणार, कोण पडवीपर्यंत येणार, कोणाला ओटीवर बसायला मिळणार, हे जातीने आणि कूळ-खोत या नात्याने ठरलेले असे. घरातल्या बायकांना पुढली पडवी बहुतेक परकीच; त्यांचा वावर माजघरात नि पाठच्या पडवीत. तेव्हा जुन्या पडवीतून वाऱ्याची युक्ती उचलावी. तिच्यातली ही उतरंड उचलण्याचे कारण नाही.

काळोखाची अडचण किनाऱ्यावरच्याच एका वस्तूने सोडवली. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज वैद्य सतराव्या शतकाच्या सत्तरीत या भागात हिंडला. वसई पाहून तो घाट चढून जुन्नरलाही जाऊन आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ साली छापले गेले. वसईतल्या दुमजली घरांच्या झाकलेल्या सज्जांची आणि शिंपल्यांची तावदाने बसवलेल्या मोठाल्या खिडक्यांची नोंद त्याने केली आहे. ही शिंपली पापडासारखी चपटी आणि अभ्रकासारखी अर्धपारदर्शक असते. तिचे चौकोनी तुकडे कापून सागवानी पट्ट्यांच्या खाचांत ओळीने सरकवत. गोव्यातल्या जुन्या घरांत आणि चर्चमध्ये अशा खिडक्या आजही दिसतात. झुआरीच्या खाडीत ही शिंपली सापडे. दूर फिलिपिन्समध्येही किनाऱ्यावरच्या माणसांनी हीच युक्ती केली. शिंपल्यातून येणारा उजेड दुधासारखा, डोळ्यांना न खुपणारा. खाऱ्या हवेने तो बिघडत नाही, कारण तो खाऱ्या पाण्यातच वाढलेला! एखादा तुकडा फुटला तर तेवढाच बदलायचा. आणि तुकड्यांमधल्या फटींतून थोडी हवाही खेळती राही. पुढे स्वस्त काच आली आणि ही कारागिरी मागे पडली. आता तर या शिंपल्याला २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून तो परत आणा असे मी म्हणणार नाही. त्यामागचा हिशेब मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे: उजेड हवा, पण तापाशिवाय, आडोसा हवा, पण हवेसकट.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा घाटावर आल्या आणि मेणवलीला, बनेश्वराला देवापुढे टांगल्या गेल्या. घर बांधण्याची तिथली रीत मात्र पुण्याला लागू पडणारी नव्हती. पुण्यात वर्षाचा पाऊस २८ ते ३० इंच; उन्हाळा कोरडा, हिवाळ्याच्या रात्री थंड. १७३२ साली वास्तुशांत झालेला शनिवारवाडा घ्या किंवा पेठेतला साधा वाडा घ्या: बाहेर आंधळी भिंत आणि दिंडी, आत चौक, चौकाभोवती ओसरी. जाड भिंत दुपारचा ताप रोखी, चौक रात्रीचा गारवा आत घेई. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी अंगाला कोरीव लाकडी सज्जा आहे. पण तो रस्त्याकडे पाहण्यासाठी आणि शोभेसाठी, पावसाशी झुंजण्यासाठी नव्हे. इंग्रज आले ते व्हरांड्याचा बंगला घेऊन. मुंबईचा पावसाळा सोसवेना, तेव्हा त्यांचा गव्हर्नर चार महिने पुण्यात येऊन राही. गणेशखिंडीत त्याच्यासाठी १८६४ पासून बांधलेली इमारत १८७१ मध्ये पुरी झाली आणि आज ती आपल्या विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. ओलीवर साहेबाने काढलेला उपाय असा राजेशाही होता: किनाराच सोडून द्यायचा!

ज्यांना किनारा सोडता येत नव्हता, त्यांनी मुंबईत निराळी वाट काढली. १९३० नंतर मरीन ड्राइव्हवर आणि दादर-शिवाजी पार्काकडे सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उठल्या आणि प्रत्येक बिऱ्हाडाला खांबाशिवाय बाहेर झेपावलेली गॅलरी मिळाली. संध्याकाळचा समुद्रवारा घेण्याची ती जागा. मरीन ड्राइव्हच्या या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. परंतु त्यांतल्या कितीतरी गॅलऱ्या आज गॅलऱ्या राहिलेल्या नाहीत. कुटुंब वाढले, जागा वाढली नाही. मग गॅलरीला काचा लागल्या आणि तिथे मुलाचे अभ्यासाचे टेबल किंवा आजोबांची खाट गेली. नगरपालिकेच्या मोजणीत गॅलरी ठरावीक मर्यादेपर्यंत चटईक्षेत्राबाहेर असे. १९९१ च्या मुंबईच्या नियमावलीत शुल्क भरून ती बंद करण्याची मुभाही होती. म्हणजे बांधणाऱ्याने ती उघडी म्हणून दाखवावी आणि राहणाऱ्याने बंद करावी, असा हा दोघांच्या सोयीचा व्यवहार होऊन बसला. २०१२ साली मुंबईत आणि २०२० साली पुण्यासह राज्याच्या बहुतेक भागात नियम बदलले, आणि गॅलरीही क्षेत्रात धरली जाऊ लागली.

पुण्यातही तीच कथा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, नदीकाठचे पुष्कळ वाडे पाण्याने नेले. पुढच्या दशकांत उरलेल्या वाड्यांची जागाही सदनिकांनी घेतली. चौक गेला, ओसरी गेली. राहिली हातभर गॅलरी, आणि तीही दोन-चार वर्षांत काचेआड गेली. यात मला हसण्यासारखे काही वाटत नाही. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील, तर तिसरी खोली हवेतून काढणे हा संसाराचा शहाणपणा आहे. मात्र ही काच जागेच्या टंचाईतून आली, हवामानाच्या विचारातून नव्हे, एवढे विसरता कामा नये. पुण्याची कोरडी हवा ही चूक पुष्कळशी पोटात घालते.

कोकण ती पोटात घालत नाही. चार गुंठ्यांवर बांधणाऱ्याला जागेची टंचाई नसते. तरी तो सवयीने पुण्याची बंद गॅलरी तिकडे नेऊन ठेवतो. समुद्र पश्चिमेला, म्हणून काचही पश्चिमेला. दुपारी तीननंतर ती खोली भट्टी होते आणि ज्या वाऱ्यासाठी तिथवर गेलो त्यालाच बाहेर ठेवून यंत्राने गारवा आणावा लागतो. दुसरा शत्रू मीठ. ॲल्युमिनियमच्या चौकटीत साधे लोखंडी स्क्रू मारले, की दोन निराळ्या धातूंमध्ये खारे पाणी बसते आणि त्यातला एक धातू दुसऱ्यापायी झिजतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत वाळू साठली की पाणी निघायची भोके बुजतात आणि पाणी आत वाहते. खारी ओल काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचली तर सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा किती तरी अधिक जागा मागतो, आणि झेपावलेला सज्जा फुटू लागतो. त्यावर जाड काचांचे ओझे टाकणे धोक्याचे. तिसरी गोष्ट वादळाची. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातली छपरे आणि नारळी-पोफळीच्या बागा त्याने झोडपून काढल्या. अशा वेळी एक काच फुटली की वारा आत शिरतो आणि छपराला आतून वर ढकलतो. उघड्या पडवीचे छप्पर उडत नाही असे नाही. पण तिच्यावर विसंबून कुणी आत निर्धास्त बसत नाही.

मग काच लावूच नये काय? माझे म्हणणे तसे नाही. झापांच्या काळोखात परत जाण्याची हौस मला नाही, आणि कोकणातल्या माणसालाही ती असण्याचे कारण नाही. उजेड हा त्याचाही हक्क आहे. परंतु क्रम जुन्या कारागिरांचा ठेवावा. आधी छप्पर पुरेसे पुढे काढावे, म्हणजे ऊन आणि झड दोन्ही काचेपर्यंत पोचण्याआधीच निम्मी होतात. छप्पर कैच्यांना आणि कैच्या भिंतीला घट्ट बांधाव्यात. खाली, बसलेल्या माणसाच्या उंचीपर्यंत, तिरप्या फळ्यांची झडप असावी. जुने लोक हिला झिलमिल म्हणत. तिच्यातून वारा येतो, पाऊस येत नाही. काच वर, सावलीत; आणि तीही पूर्ण उघडणारी. समोरासमोर दुसरी खिडकी हवीच, नाहीतर आलेल्या वाऱ्याला जायला वाट नाही. स्क्रू-बिजागऱ्या खाऱ्या हवेत टिकणाऱ्या गंजरोधक पोलादाच्या असाव्यात. तेवढ्या खर्चात कुणी कसर करू नये.

कुणाला या घरांचे नकाशे दाखवायला आणले की मी हल्ली एकच गोष्ट विचारतो: आषाढात, वीज गेलेली असताना, या खोलीत दोन तास बसवेल काय? झावळ्यांचे झाप विणणाऱ्याला आणि शिंपले कापणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. नकाशा काढणाऱ्यालाही ते ठाऊक असावे, एवढीच अपेक्षा आहे; तशी खात्री पटली, तर त्या खोलीला सनरूम म्हणा की पडवी, माझी काही हरकत नाही.